वकील कीं साक्षीदार ?

गुस्ताव्ह फ्लोबेर याची 'मादाम बोव्हारी' ही फ्रेंच कादंबरी एका शाळेच्या वर्गांत सुरू होते. चार्ल्स नांवाचा एक बुजरा, खेडवळ मुलगा विचित्र आकाराची टोपी मांडीवर घेऊन बांकावर बसतो, मुलें त्याला हंसतात, आणि गोष्ट हळूहळू चालूं लागते. याच कादंबरीवर १९४९ सालीं अमेरिकेंत मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीनें जो बोलपट काढला, तो मात्र शाळेंत सुरू होत नाहीं. तो सुरू होतो पॅरिसच्या न्यायालयांत. तेथें खुद्द फ्लोबेर आरोपी म्हणून हजर आहे. जेम्स मेसन या नटानें ही भूमिका केली आहे. आपल्यावर आलेल्या आरोपाचें उत्तर म्हणून तो न्यायाधीशांना एमा बोव्हारीची हकीकत सांगूं लागतो, आणि ती हकीकत म्हणजेच पुढचा बोलपट.

दिग्दर्शक व्हिन्सेंट मिनेली यांची ही योजना केवळ कथनाची एक सोय आहे असें प्रथम वाटतें. पण किंचित् विचार केला म्हणजे ध्यानांत येतें कीं, एका फार जुन्या नैतिक प्रश्नाला येथें न बोलतां एक उत्तर देऊन टाकलें आहे. तो प्रश्न असा : चुकलेल्या माणसाची कथा जो सांगतो, त्यानें त्या माणसाशीं कोणतें नातें पत्करावें? न्यायाधीशाचें, वकिलाचें, कीं साक्षीदाराचें? हा प्रश्न केवळ ग्रंथकारांपुरता आहे असें कोणी समजूं नये. आपल्या घरांतून, माजघरांतून आणि ओसरीवरून अशा कथा आपण सर्वच जण सांगत असतों.

ज्यांनीं कादंबरी वाचली नसेल त्यांच्यासाठीं कथेचा गोषवारा दोन शब्दांत सांगतों. एमा ही नॉर्मंडी प्रांतांतील एका सधन शेतकऱ्याची मुलगी. मठांतील शाळेंत शिकत असतां चोरून वाचलेल्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांनीं तिच्या मनांत सुखाची एक कल्पना रुजविली. तिचें लग्न झालें तें चार्ल्स बोव्हारीशीं. तो पूर्ण पदवीचा डॉक्टरहि नव्हे, तर खालच्या परीक्षेचा परवाना घेतलेला एक सामान्य खेडेगांवचा वैद्य. नवरा प्रेमळ, पण मंद. गांव शांत, पण कंटाळवाणें. एमा प्रथम रोदोल्फ नांवाच्या जमीनदाराच्या, आणि पुढें लेऑं नांवाच्या एका तरुण कारकुनाच्या नादीं लागते. लरो नांवाच्या व्यापाऱ्याकडून उधारीवर उंची कापडचोपड घेत हुंड्यांच्या गुंत्यांत सांपडते. आणि अखेरीस घरावर जप्ती आली असतां सोमल खाऊन मरते. याहून अधिक कांहीं घडत नाहीं. अशी गोष्ट वर्तमानपत्रांतील दहा ओळींच्या बातमींत मावेल. फ्लोबेरला मात्र ती लिहावयास १८५१ पासून १८५६ पर्यंत जवळजवळ पांच वर्षें लागलीं.

१८५६ च्या ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत ही कादंबरी 'रेव्ह्यू द पारी' या नियतकालिकांत क्रमशः छापली गेली आणि लगेच सरकारनें खटला भरला. सार्वजनिक नीति, धर्म आणि सदाचार यांना धक्का पोंचविल्याचा आरोप लेखक, नियतकालिकाचा चालक आणि मुद्रक या तिघांवर ठेवण्यांत आला. २९ जानेवारी १८५७ रोजीं सुनावणी झाली. सरकारी वकील एर्नेस्त पिनार याचें भाषण आजहि वाचण्यासारखें आहे. कारण तो मूर्ख नव्हता. कादंबरींत कोठें उत्तान वर्णन आहे एवढ्यावरच तो थांबला नाहीं. त्याचा खरा आक्षेप अधिक मर्मभेदी होता. या पुस्तकांत एमाला दोष देण्याचा अधिकार असलेलें एकहि पात्र नाहीं, असें तो म्हणाला. नवरा तिला मरणानंतरहि पूजतो. गांवचा धर्मगुरु अन्नपचनापलीकडे पाहूं शकत नाहीं. औषधविक्या ओमे हा पढतमूर्ख. आणि लेखक तर कोठें दिसतच नाहीं. मग या बाईला कोणी कोणत्या तत्त्वाच्या आधारें दोषी ठरवावें?

बचावाचे वकील झ्यूल सेनार यांनीं याला जें उत्तर दिलें तें कोर्टांत उपयोगी पडलें. पुस्तक नीतिपर आहे, पापाचा शेवट किती भयंकर होतो हें दाखवून तें वाचकाला सन्मार्गाकडे वळवितें, असा त्यांच्या प्रतिपादनाचा सारांश. ७ फेब्रुवारी रोजीं न्यायालयानें लेखकाला चार कठोर शब्द सुनावून निर्दोष सोडलें. त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्यें याच पिनारनें बोदलेर कवीवर खटला चालविला आणि तो जिंकला. बोदलेरच्या संग्रहांतून सहा कविता काढून टाकाव्या लागल्या. ती शिक्षा फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयानें रद्द केली ती १९४९ सालीं, म्हणजे आपला हा बोलपट निघाला त्याच वर्षीं !

या दोन वकिलांचें भांडण बारकाईनें पाहिलें तर एक गंमत दिसते. मुख्य मुद्द्यावर दोघांचेंहि एकमत होतें. पुस्तकांत निवाडा असलाच पाहिजे, हें दोघांनाहि मान्य होतें. एक म्हणे, तो नाहीं. दुसरा म्हणे, आहे, सोमलाच्या वाटींत आहे. फ्लोबेरची स्वतःची भूमिका या दोहोंच्या बाहेरची होती. ईश्वर जसा विश्वांत सर्वत्र असतो पण कोठेंच दिसत नाहीं, तसें लेखकानें आपल्या कृतींत असावें, अशा आशयाचें मत त्यानें खासगी पत्रांतून मांडलें होतें. निवाडा देणें हें त्याला आपलें काम वाटतच नव्हतें.

आतां बोलपटाकडे वळूं. अमेरिकन चित्रपट-व्यवसायानें स्वतःवर घालून घेतलेली एक नीतिसंहिता त्या काळीं अंमलांत होती. १९३४ पासून तिची अंमलबजावणी कडक झाली होती. व्यभिचाराचें समर्थन होतां कामा नये, तो मोहक दिसतां कामा नये, असा तिचा दंडक होता. अशा स्थितींत न्यायालयाची चौकट हें एक चिलखतच होतें. ज्या खटल्यानें पुस्तक जवळजवळ बुडविलें होतें, तोच खटला नव्वद वर्षांनीं त्याच कथेचा परवाना ठरला. परंतु चिलखत घालणाराची चालहि बदलते. जो लेखक कोठेंच दिसूं नये म्हणून पांच वर्षें झटला, तो आतां प्रेक्षकांसमोर उभा राहून आपल्या नायिकेची कड घेतो. तिला घडविणाऱ्या खोट्या स्वप्नांकडे आणि त्या स्वप्नांना खतपाणी घालणाऱ्या समाजाकडे बोट दाखवितो. थोडक्यांत, फ्लोबेर वकील होतो. १९९३ सालीं केतन मेहता यांनीं याच कादंबरीवरून 'माया मेमसाब' हा हिंदी चित्रपट काढला, तेव्हां त्यांनाहि नायिकेच्या कथेभोंवतीं चौकशीची चौकट घालावीशी वाटली. या स्त्रीची गोष्ट कोणासमोर तरी जबाब दिल्यावांचून सांगतांच येत नाहीं कीं काय, अशी शंका येते.

मिनेलींचा बोलपट सामान्य आहे असें मात्र मुळींच नव्हे. नृत्यसमारंभाचा प्रसंग तर अविस्मरणीय आहे. श्रीमंतांच्या वाड्यांत एमा (जेनिफर जोन्स) गोल गोल नाचत आहे. मिक्लोश रोझा यांचें संगीत चढत जातें. तिला गुदमरल्यासारखें होतें, आणि तिला वारा मिळावा म्हणून खुर्च्यांनीं खिडक्यांच्या कांचा फोडल्या जातात. त्या खळखळाटांत तिच्या सर्व आयुष्याची तृष्णा आणि सर्व नाश एका क्षणांत ऐकूं येतो. हें काम शब्दांना साधलें नसतें.

पण मूळ कादंबरींत याच ठिकाणीं काय आहे तें पाहा. तेथें एक नोकर खुर्चीवर चढून दोन तावदानें फोडतो. आवाज ऐकून एमा मान वळविते, आणि तिला दिसतात बागेंतून कांचांना तोंडें लावून आंत पाहणारे शेतकरी. त्यांना पाहून तिला आपल्या बापाचें शेत आठवतें. बोलपटांत फुटलेल्या कांचांतून एमाकडे वारा येतो. कादंबरींत त्या कांचांपलीकडे माणसें उभीं आहेत. वकिलाला आपल्या अशिलाशिवाय इतर कोणाकडे पाहण्याची गरज नसते. साक्षीदाराला जें दिसलें तें सांगावें लागतें, मग तें खिडकीबाहेरचें कां असेना.

हा फरक सर्वांत स्पष्ट होतो तो इपोलीतच्या पायाच्या प्रसंगांत. इपोलीत हा गांवच्या खाणावळींतील तबेल्याचा नोकर. जन्मतःच त्याचा एक पाय वांकडा. त्या पायानें तो बिचारा हरणासारखा धांवत असे. ओमेनें कोठेंसें नव्या शस्त्रक्रियेचें वर्णन वाचलें. एमाला वाटलें, नवऱ्याचें नांव होईल. दोघांनीं मिळून चार्ल्सला भरीस घातलें. बोलपटांत ऐन वेळीं चार्ल्स हत्यार खालीं ठेवतो. आपली पात्रता आपण जाणतों, हें आपल्याकडून होणार नाहीं, असें म्हणून तो माघार घेतो. व्हॅन हेफ्लिन या नटानें हा चार्ल्स मोठ्या सौजन्यानें रंगविला आहे, आणि त्या क्षणीं प्रेक्षकाला त्याच्याविषयीं आदर वाटतो.

कादंबरींतला चार्ल्स माघार घेत नाहीं. तो शिर कापतो, पाय लांकडी पेटींत आवळून बांधतो, आणि पाय सडूं लागतो. शेवटीं दुसऱ्या गांवाहून मोठा डॉक्टर येऊन मांडीपासून पाय कापून टाकतो. त्या वेळची किंकाळी गांवभर ऐकूं जाते. घरांत बसलेली एमा ती ऐकते, आणि तिच्या मनांत इपोलीतविषयीं दया येत नाहीं. नवऱ्याविषयीं तिरस्कार येतो. पुढें रस्त्यांत इपोलीतच्या काठीचा आवाज आला कीं चार्ल्स दुसरी वाट धरतो.

बोलपटानें इपोलीतचा पाय वांचविला, ही केवढी दया ! पण ती दया कोणावर झाली? इपोलीतवर नव्हे, तो तर कथेंतून जवळजवळ पुसला गेला. दया झाली ती चार्ल्सवर आणि एमावर. चार्ल्स थोर झाला. एमाच्या महत्त्वाकांक्षेची किंमत कोणाच्याहि देहाला मोजावी लागली नाहीं. आणि आपण त्या दोघांचेंहि दुःख निर्मळ मनानें भोगण्यास मोकळे झालों. अशिलाचा सर्वांत वाईट कागद वकिलानें फाइलींतून काढून ठेवला. वकिलीच्या धंद्यांत त्यांत गैर कांहीं नाहीं. आपल्याच पक्षकाराविरुद्ध पुरावा देण्याचें बंधन त्याच्यावर नसतेंच. परंतु जी सहानुभूति कागद लपविल्यावरच उत्पन्न होते, ती खऱ्या माणसाविषयींची सहानुभूति नव्हे. ती आपण बनविलेल्या माणसाविषयींची असते.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाहीं. फ्लोबेर तरी निवड करीत नव्हता काय? ओमेविषयींचा त्याचा उपहास काय निःपक्षपाती आहे? कोणताहि लेखक कांहीं सांगतो, कांहीं गाळतो. मग साक्षीदार आणि वकील हा भेद टिकतो कोठें? शिवाय, निवाडाच द्यावयाचा नाहीं हा एक प्रकारचा पळपुटेपणा नव्हे काय? आपल्याकडे प्रा. ना. सी. फडके आणि श्री. वि. स. खांडेकर यांच्या नांवांशीं निगडित असलेला कलेसाठीं कला कीं जीवनासाठीं कला हा वाद ज्यांना आठवतो, ते म्हणतील कीं फ्लोबेरची अलिप्तता ही कलावाद्यांची जुनीच ढाल आहे.

मला वाटतें, आक्षेपाचा पहिला भाग अर्धा खरा आहे. साक्षीदारालाहि मतें असतात. त्याच्या स्वरांत राग असूं शकतो, उपहासहि असूं शकतो. साक्षीदार होण्यासाठीं मत टाकून द्यावें लागत नाहीं. मताच्या आड येणारी वस्तुस्थिति लपवूं नये, एवढीच शपथ असते. फ्लोबेरला एमाविषयीं खोल जिव्हाळा होता हें पानोंपानीं जाणवतें. तरी तिच्या हातून मुलगी ढकलली जाऊन गालाला खोक पडते तो प्रसंग त्यानें गाळला नाहीं. ओमेचा त्याला तिटकारा होता, तरी शेवटच्या वाक्यांत सन्मानाचें पदक त्यानें ओमेच्याच छातीवर लावलें. कारण जगांत तसेंच घडतें. आणि पळपुटेपणा म्हणाल, तर निवाडा देऊन मोकळें होणें हें पुष्कळदां पाहात राहण्यापेक्षां सोपें असतें. निकाल लागला कीं फाइल मिटतां येते.

या साक्षीचा आवाका किती मोठा असतो, याचें एकच उदाहरण देतों. गांवांत शेतकी प्रदर्शन भरलें आहे. वर नगरभवनांत रोदोल्फ एमाच्या कानांत प्रेमाच्या गोष्टी सांगत आहे, आणि खालीं बक्षिसें जाहीर होत आहेत. त्यांत एका म्हातारीचें नांव पुकारलें जातें. कातरीन लरू. एकाच शेतावर ५४ वर्षें चाकरी केल्याबद्दल तिला २५ फ्रँक किंमतीचें एक रुप्याचें पदक मिळतें. ती घाबरत पुढें येते, पदक पाहून हंसते, आणि हें आपण आपल्या देवळांतल्या धर्मगुरूला देऊं, म्हणजे तो आपल्यासाठीं प्रार्थना म्हणेल, असें पुटपुटत निघून जाते. पुन्हां ती कधीं दिसत नाहीं. एमाच्या बाजूनें किंवा विरुद्ध तिची साक्ष कशालाहि उपयोगी नाहीं. पण ती होती, म्हणून ती पुस्तकांत आहे. एमाच्या अतृप्तीशेजारीं ती अर्धशतकाची चाकरी उभी करून लेखक एक शब्दहि बोलत नाहीं.

आतां एक घरगुती गोष्ट सांगतों. किंबहुना ती सांगतां यावी म्हणूनच हा लेख लिहावयास घेतला. माझ्या आजोळीं एक नांव उच्चारलें जात नसे. तें माझ्या आईच्या एका काकूचें. आम्हां मुलांना एवढेंच ठाऊक होतें कीं ती घर सोडून गेली होती आणि तिची सहा वर्षांची मुलगी मागें राहिली होती. सणासुदीला मोठी माणसें एकत्र जमलीं म्हणजे तिचा विषय आडून आडून निघे. घरांत दोन तट होते. एका तटाचें म्हणणें, तिनें कुळाला बट्टा लावला. दुसऱ्याचें म्हणणें, बिचारीचा छळ झाला होता, दुसरें काय करणार? दोन्ही बाजूंचीं माणसें प्रामाणिक होतीं आणि दोन्ही बाजूंना वाक्चातुर्य होतें. वर्षानुवर्षें तो खटला चालला. निकाल लागला नाहीं आणि पक्षकारहि पुन्हां दिसला नाहीं.

ती मागें राहिलेली मुलगी म्हणजे माझी मावशी. आज ती ऐंशीच्या घरांत आहे. मागील महिन्यांत ती आमच्याकडे राहावयास आली असतां आम्हीं घरींच हा बोलपट पाहिला. शेवटीं कथा पुन्हां न्यायालयांत येते, फ्लोबेर निर्दोष सुटतो, आणि आपल्यालाहि सुटल्यासारखें वाटतें. माझ्या पत्नीनें समाधानाचा सुस्कारा टाकला. मावशी मात्र पडद्याकडे पाहातच राहिली आणि म्हणाली, "सुटला तो. बरं झालं. पण त्या पोरीचं पुढं काय झालं रे?"

मी कपाटांतून कादंबरी काढली आणि शेवटचें पान तिला मराठींत समजावून सांगितलें. एमाच्या मागें चार्ल्स बागेंतील बांकावर बसल्या बसल्या मरतो. सर्व विकून १२ फ्रँक आणि ७५ सांतीम उरतात. तेवढ्यांत लहानग्या बेर्तचा आजीकडे जाण्याचा खर्च भागतो. आजी त्याच वर्षीं मरते. आईच्या वडिलांना अर्धांगवायु झालेला. अखेर एक चुलती तिला संभाळते. पण ती गरीब आहे, आणि पोटासाठीं पोरीला कापसाच्या गिरणींत कामाला धाडते. एवढेंच. लेखकानें त्यावर कांहीं भाष्य केलेलें नाहीं.

मावशी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "चार ओळी का होईना, पण लिहून ठेवलंय त्यानं. आमच्या घरीं माझ्या आईला शिव्या देणारेहि होते आणि तिची कड घेणारेहि होते. दोघेहि माझ्यासमोर भांडत. ती त्या दिवशीं सकाळीं काय जेवली, मला काय म्हणाली, कुठल्या वाटेनं गेली, हें मात्र मला कुणीच सांगितलं नाहीं. ज्यांना ठाऊक होतं ते सगळे आतां गेले."

तिच्या स्वरांत तक्रार नव्हती. पण त्या तटांत माझेहि वडीलधारे होते, आणि मोठेपणीं मी स्वतः कधीं या बाजूनें, कधीं त्या बाजूनें बोललों होतों. मावशीला एकदां बसवून विचारावें, किंवा ज्यांना माहीत होतें त्यांना त्यांच्या हयातींत विचारून ठेवावें, असें मला कधीं सुचलें नाहीं. निवाडा करण्याची घाई आम्हां सर्वांना होती. घडलें काय, तें कोणालाच नको होतें.

समजून घेणें म्हणजे क्षमा करणें, असें एक वचन आपल्याकडे फार प्रेमानें सांगितलें जातें. मला तें आतां पुरतें पटत नाहीं. एमाला समजून घेतल्यानें इपोलीतचा पाय परत येत नाहीं, आणि बेर्तची गिरणी चुकत नाहीं. त्यांच्या वतीनें क्षमा करण्याचा अधिकार वाचकाला कोणी दिला? पण समजून घेणें म्हणजे धिक्कार करणेंहि नव्हे. समजून घेणें हें त्या दोहोंच्या अलीकडचें, आणि त्या दोहोंहून कष्टाचें काम आहे. जिची चूक झाली ती, तिच्या चुकीची किंमत ज्यांनीं मोजली ते, आणि खिडकीबाहेर उभे राहून नुसते पाहणारे, या सर्वांकडे सारख्याच लक्षानें पाहणें, आणि जें दिसलें तें कोणाच्या सोयीसाठीं कमी न करणें, एवढाच त्याचा अर्थ.

पिनारचा आक्षेप यामुळें खोटा ठरत नाहीं. पुस्तकांत एमाला दोषी ठरविणारें कोणी नाहीं हें खरेंच आहे. त्याच्या ध्यानांत एवढेंच आलें नाहीं कीं, न्यायाधीशाची खुर्ची लेखकानें मुद्दाम रिकामी ठेवली, तरी साक्षीदाराचा पिंजरा त्यानें एक क्षणहि सोडला नाहीं.

मावशी परत गेली तेव्हां ती कादंबरी बरोबर घेऊन गेली. तिला फ्रेंच येत नाहीं, इंग्रजी जेमतेम येतें. पुस्तक इंग्रजी भाषांतराचें आहे. "वाचायला नव्हे," ती म्हणाली, "तें शेवटचं पान तेवढं जवळ असूं दे."